तोंडपाटील

पाटील तीन प्रकारचे. पहिला वतनदार. त्याची पिढीजात मुलकी पाटीलकी 1962च्या कायद्याने गेली. दुसरा पोलीस पाटील. त्याला 1967च्या कायद्याप्रमाणे सरकार नेमतं, मानधन देतं आणि साठी गाठली की घरी बसवतं. तिसरा तोंडपाटील. याला कुणी नेमलेलं नसतं, त्यामुळे काढायचीही सोय नसते.

हे वाण महाराष्ट्रात सगळीकडे पिकतं. पण त्याचा अस्सल नमुना पाहायचा तर महाडहून बिरवाडीवरून आत वळावं आणि वरंध घाटाच्या पायथ्याला शिवथरच्या खोऱ्यात यावं. कसबे, आंबे आणि कुंभे अशी शिवथरं तीन. तोंडपाटीलही निदान तीन असणार, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मते बाकीचे दोघे नुसतेच बडबडे.

आपण एकच घेऊ. गाव त्यांना आबा म्हणतं. वय सत्तरीचं. डोक्यावर टोपी, काखेत छत्री. ही छत्री पावसात क्वचित उघडते, एरवी ती लोकांना दिशा दाखवायच्या कामी येते. उमेदीची वर्षं आबांनी मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात काढली. तिथे मागांच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तरी बेंबीच्या देठापासून मारावी लागे. 1982च्या संपात गिरणी थांबली, आबांची पट्टी मात्र तीच राहिली. ते कानात सांगतात ती गोष्ट पलीकडच्या वाडीत समजते. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. तीळ तिथे टिकेलच कसा?

आषाढात लावणी लागते. बायाबापड्या गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात आणि आबा बांधावर उभे असतात. "अगो, ते रोप दाट पडतंय! पाणी सोडा वरच्या खाचरातलं!" सगळं शेत ते एका तोंडाने लावतात. संध्याकाळी कंबर त्यांचीही दुखते, उभं राहून. पावसाच्या तोंडावर कुणी घर शाकारायला घेतलं की शिडीखाली आबा. गणपतीत चाकरमान्यांची गाडी घाटात अडकली की चाकामागे आबा. दगड लावतो दुसराच, आबा दगडाला सूचना करतात. कुणाच्या मांडीला गळू झालं तरी त्याला तोंड कधी फुटणार हे डॉक्टरआधी आबा सांगतात. आणि भावाभावांच्या भांडणाला तोंड फुटलं की मग विचारायलाच नको. मिटवायला म्हणून आबा आत शिरतात आणि दोन बाजूंचं भांडण तीन बाजूंचं करून बाहेर पडतात.

एवढं अखंड चालणारं हे तोंड घरात मात्र फक्त जेवायला उघडतं. काकू म्हणतात, "तोंड धुवा आधी, मग गावाचं बघा." आबा निमूट मोरीवर जातात. खोऱ्यात त्यांच्यावर चढ ठरलेलं दुसरं तोंड म्हणजे शिवथर घळीचं. पावसाळ्यात तिथे धबधबा असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. तेवढ्या जागी आबा छत्रीवर भागवतात.

घळीबद्दल त्यांचं स्वतंत्र संशोधन आहे. समर्थ रामदासांनी इथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, ही परंपरा सगळ्यांनाच माहीत आहे. आबा तिचा कायदेशीर अर्थ लावतात. "हात कुणाचा चालला? कल्याणस्वामींचा. ग्रंथ कुणाचा झाला? समर्थांचा. म्हणजे सांगणाराचं काम मोठं, करणाराचं त्याच्यामागून." पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 साली ही घळ शोधून काढली. आबांना त्यांच्याबद्दल आदर आहे, पण थोडा राखून. "धुळ्याच्या माणसाला या रानात वाट कशी गवसेल रे? कुणीतरी तोंडी सांगितलीच असणार." हा कुणीतरी आपला आजाच, असं ते स्पष्ट म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याने म्हणेपर्यंत थांबतात.

मग गाव यांना सोसतं कशाला? त्याचं उत्तर ग्रामसभेत मिळतं. या मुलखात आषाढात पाणी दरडी पाडतं आणि वैशाखात त्याच पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते. महिनाभर पारावर सगळे यावरच तोंडसुख घेत असतात. प्रत्यक्ष साहेब समोर येऊन बसले की त्याच तोंडांना कुलपं लागतात. कुणी जमीन उकरतो, कुणाला नेमका तेव्हाच फोन येतो. मग मागून कुणीतरी आबांना कोपर लावतं आणि आबा उठतात. "साहेब, तुम्ही मागच्या खेपेलाही तोंड भरून आश्वासन दिलंत. आम्ही तेच पितोय." साहेब वहीत काहीतरी टिपतात. पुढे चार दिवसांनी का होईना, टँकर येतो.

साहेबांची गाडी वळणाआड गेली की ज्याने कोपर लावलं होतं तोच म्हणतो, "आबा जरा जास्तच बोलले. एवढं तोंड टाकायला नको होतं." वाईटपणा घ्यायला गावाने हे एक तोंड जणू सामाईक ठेवलं आहे. बाकीच्यांना त्यामुळे आपापली तोंडं गोड ठेवता येतात. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारही चहा प्यायला आबांकडेच येतात, आणि निकालानंतर तोंडाला पानं पुसतात तीही पहिली आबांच्याच. सदस्य म्हणून उभं राहा, असं मात्र गाव त्यांना कधी सुचवत नाही. बोलणारा माणूस पदावर बसला तर पदावरच्यांना बोलणार कोण?

दासनवमीला मंडपात दासबोधाचं वाचन होतं. एका वर्षी दुसऱ्या दशकाचा पहिला समास निघाला, मूर्खलक्षणांचा. वाचणारा एकेक लक्षण सांगत गेला, तशी एकेक मान हळूच आबांकडे वळली. पोरं पदरात, टॉवेलात तोंड लपवून खुदखुदू लागली. आबा मात्र शेवटपर्यंत तल्लीन होते, मध्येमध्ये दादही देत होते. समास संपला. त्यांनी सगळ्या मंडपावरून नजर फिरवली, शेजाऱ्याच्या कानाशी लागले आणि साचेखात्यातल्या आवाजात म्हणाले, "समर्थांनी आपलं गाव बरोब्बर ओळखलं होतं हां!"