मोडक्या बोल्टाचा पंचनामा

सायकलच्या कॅरिअरचा बोल्ट मुंडीपाशी तुटून उरलेला खुंट फ्रेममध्येच अडकून बसला, की घरातली हातोडी आणि शेजारचा सल्ला न बोलावता हजर होतात. प्रस्तुत मार्गदर्शिकेचे पहिले कलम असे की दोघांनाही चहा देऊन बसवून ठेवावे. कारण या प्रकरणात वाचवायचे कोणाला, हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बोल्ट पाच मिलिमीटर जाडीचा, हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळणारा. त्याच्याभोवतीचे आटे मात्र फ्रेमचे, आणि ते गेले तर सुटे आटे कोणी विकत नाही. पागडीच्या भाडेकरूला हुसकताना भिंतच कोसळली, तर मालकाला जागा मिळाली असे कोणी म्हणत नाही. तेव्हा खुंटाला हात लावण्यापूर्वी तो मोडला कसा याची रीतसर चौकशी झाली पाहिजे. हत्यार कोणते घ्यायचे ते या चौकशीतून ठरते. आपल्याकडे आधी हत्यार ठरते, चौकशी नंतर होते, आणि तीही दुकानदाराची.

चौकशीला टॉर्च पुरते. भिंग असल्यास उत्तम. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग मळकट, गुळगुळीत, त्यावर कमानींसारख्या बारीक रेषा, आणि एका कडेला खरखरीत, चकाकणारा ठिपका दिसला, तर बोल्ट थकून गेला असे समजावे. कॅरिअर ढिले राहिले, प्रत्येक खड्ड्याला बोल्ट थोडा थोडा वाकला, चीर रोज कणभर पुढे सरकली आणि शेवटच्या दिवशी उरलेला कोपरा तुटला. गिअरच्या सायकलींच्या अनेक कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा छापलेली असते. घरगुती गॅसच्या टाकीत गॅसच १४.२ किलो असतो, आणि लोखंडासकट भरलेली टाकी तीस किलोच्या घरात जाते. हिशेब तिथेच संपतो. पण असा खुंट बहुधा अडकलेला नसतो. बोल्ट घट्ट असतो तो मुंडीच्या ओढीमुळे. मुंडी उडाली की ओढ गेली. टोकदार सुईपंच खुंटाच्या कडेला तिरका टेकवून उलट्या दिशेने हलक्या टिचक्या मारल्या, तर तो बऱ्याचदा मुकाट्याने बाहेर येतो. इथे ड्रिल काढणे म्हणजे उघड्या दाराला लाथ घालणे.

उलट, तोंड ताजे, सपाट आणि गोल गोल पिळवटल्यासारखे दिसत असेल, तर बोल्ट काढताना पिळून तोडलेला आहे. तोडणारी व्यक्ती घरातच असण्याची शक्यता मोठी. तिचे नाव पंचनाम्यात घेऊ नये. असा खुंट खरोखर जाम झालेला असतो. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट पोलादाचा, आणि दोघांमध्ये पावसाचे किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेचे पाणी, एवढ्या सामग्रीवर एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागत आट्यांमध्ये ठासून बसते. फ्रेम लोखंडी असेल तर हेच काम गंज करतो.

इथे पहिला आक्षेप येतो: बाजारात यासाठीच ‘ईझी आऊट’ मिळतो, तो घालावा आणि फिरवावा. नावातला ‘ईझी’ हा जाहिरातीचा भाग समजावा. त्यासाठी खुंटात भोक पाडायचे, त्यात उलट्या आट्यांची निमुळती दांडी ठोकायची आणि पिळायची. आता साधे गणित करू. गोल दांडीची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्यास निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश. पाच मिलिमीटरचा अखंड बोल्ट ज्या पिळाने तुटला, तोच पीळ अडीच मिलिमीटरच्या दांडीने सोसावा अशी आपली अपेक्षा असते. दांडीचे पोलाद कडक असते हे खरे, पण कडक म्हणजे ठिसूळही. ती आत तुटली की साधा ड्रिल बिट तिच्यावर नुसता घसरतो. मग उरतो स्पार्क इरोजनचा मार्ग. भोसरीच्या कारखान्यांत साच्यात तुटलेले टॅप असेच काढतात, पण तिथे काम तेलाच्या टाकीत बुडवतात, आणि अख्खी सायकल टाकीत घालायला नेणाऱ्या गिऱ्हाइकाचे स्वागत कसे होईल ते सांगायला नको. ईझी आऊट थकून तुटलेल्या, सैल खुंटासाठी ठीक आहे. म्हणजे जिथे त्याची गरज कमी तिथेच तो यशस्वी होतो.

दुसरा आक्षेप स्प्रेवाल्यांचा. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली सॅन दिएगोत तयार झाले ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातच ते काम लिहिलेले आहे. जाम आट्यांत झिरपायला खास पातळ पेनिट्रेटिंग तेल बरे, आणि त्याला एक रात्र द्यावी लागते, जाहिरातीतले दहा सेकंद पुरत नाहीत. खोबरेल तेलाचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे आठवण द्यावी की ते साधारण २४ अंशांखाली गोठते. तेलापेक्षा उष्णता जास्त कामाची. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. शंभर अंश तापवल्यास पाच मिलिमीटरच्या भोकात साडेपाच मायक्रॉनची फट मिळते. केसाच्या जाडीपुढे ही फट काहीच नाही, पण भुकटीची पकड मोडायला ती पुरते. रंग जळेल, हे आधीच घरात सांगून ठेवावे.

एवढ्यानेही हलला नाही तर ड्रिल, पण आधी मागचे चाक काढून भोक आतल्या बाजूने पाहावे. कॅरिअरचे भोक बहुधा आरपार असते, आणि खुंट आला त्याच वाटेने परत गेला पाहिजे असा कुठेही कायदा नाही. बाहेरून ड्रिल करताना बिट सुलट फिरतो, आणि कधी कधी खुंटालाच पुढे ढकलत आतून बाहेर काढतो. नाहीतर कानशीने तोंड सपाट करून, मधोमध सेंटर पंच मारून, अडीचपासून चढत ४.२ मिलिमीटरपर्यंत जावे. पंच अर्धा मिलिमीटर चुकला तरी बिट फ्रेमचे आटे खातो, म्हणून सगळा वेळ या एका टिंबावर घालवावा. नेम बरोबर लागला तर जुन्या बोल्टाचे आटे स्प्रिंगसारखे उलगडून सुईने ओढता येतात. मग एम-५ चा टॅप फिरवून घ्यावा.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करायला हवा: कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला खुंटावर नट ठेवून आतून वेल्ड मारतो आणि पान्ह्याने दोन मिनिटांत काढतो. बरोबर आहे. त्याला उष्णता आणि नवी मुंडी दोन्ही एकदम मिळतात, आणि पोलादाचे वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. पण त्यासाठी खुंट थोडा वर आलेला हवा आणि हात सराईत हवा, कारण ६६० अंशांना अ‍ॅल्युमिनियम वितळते आणि मग भोकच उरत नाही.

नवा बोल्ट ग्रीस लावून, आधी बोटांनी आटे धरल्याची खात्री करून बसवावा. दुसऱ्या बाजूच्या बोल्टाने तेच खड्डे आणि तेच ओझे सोसलेले आहे. तोही आजच, मुंडी जागेवर आहे तोवर, काढून टॉर्चखाली धरावा. चीर दिसली नाही तरी बदलून टाकावा. आणि तो फिरायलाच तयार नसेल, तर पान्ह्याला पाइप जोडून लांबी वाढवण्याआधी त्याच्या मुळाशी तेल सोडून निजायला जावे.