घोकून चपळ

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरी रिसॉर्टवर सॉफ्टवेअरवाली १७ मंडळी जमली आणि फायलींना, करारांना, वर्षभर आधी आखलेल्या वेळापत्रकांना वैतागून त्यांनी अजाईलचा, म्हणजे चपळपणे सॉफ्टवेअर बनवण्याचा, जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, एवढाच ऐवज. प्रक्रियेपेक्षा माणसं मोठी, जाडजूड दस्तावेजापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, करारावर घासाघीस करण्यापेक्षा गिऱ्हाइकाबरोबर बसून काम करणं मोलाचं आणि आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं शहाणपणाचं. आता या विचाराची बहुपर्यायी परीक्षा होते. तिला अभ्यासक्रम आहे, शुल्क आहे, उत्तीर्ण होण्याची टक्केवारी आहे, आणि पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत लोक रात्री जागून तिची तयारी करताहेत. या विसंगतीला हसणारे पुष्कळ आहेत. पण ही परीक्षा बिनकामाची आहे असं ते धरून चालतात, आणि तिथेच त्यांचं चुकतं. ती अत्यंत कामाची आहे. फक्त ती नेमकं काय तपासते, हे तिच्या माहितीपत्रकात छापलेलं नाही.

आधी अभ्यासाचं साहित्य पाहू. अजाईलच्या घराण्यात सर्वांत चलती आहे ती स्क्रमची, आणि स्क्रमचा मूळ ग्रंथ म्हणजे केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेली ‘स्क्रम गाइड’ ही तेरा-चौदा पानांची पुस्तिका. ती इंटरनेटवर फुकट मिळते आणि एका कटिंग चहात वाचून होते. पण दहावीला ‘२१ अपेक्षित’वर पोसलेल्या पिढीला जे फुकट आणि थोडक्यात आहे त्यावर भरवसा ठेवणं जड जातं. त्यामुळे त्या चौदा पानांवर क्लास, व्हिडिओ, सराव प्रश्नसंच आणि प्रश्नसंचांवरची स्पष्टीकरणं असा डोलारा उभा राहिला आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थाही एकाहून अधिक. श्वेबर स्क्रम अलायन्सच्या संस्थापकांपैकी एक. २००९ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि त्यांनी स्क्रम डॉट ऑर्ग काढली. (एका संस्थेच्या दोन कशा होतात, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको.) नव्या संस्थेच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. जुन्या संस्थेत आधी क्लासला बसणं सक्तीचं, मग ५० प्रश्न, आणि त्यातले ३७ बरोबर आले की झालं.

आता या परीक्षांच्या धाटणीचा एक प्रश्न घेऊ. रोजच्या स्क्रमला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) येऊ शकत नाही. टीमला स्क्रम पाळायला मदत करणाऱ्या स्क्रम मास्टरने काय करावं? पर्याय असे: बैठक पुढे ढकलावी, त्याच्या जागी आपण बसावं, वरिष्ठांना कळवावं, काहीच करू नये, कारण ही बैठक डेव्हलपरांची आहे आणि ते ती घेतील. तयारीतला उमेदवार पाच सेकंदांत चौथ्यावर टिचकी मारतो. त्याला आडाखे पाठ असतात. ज्या पर्यायात स्क्रम मास्टर हुकूम सोडतो तो चूक, ज्यात टीम स्वतः ठरवते तो बरोबर, आणि ज्यात प्रोजेक्ट मॅनेजर अवतरतो तो बहुतेक सापळा, कारण पुस्तिकेत असं पदच नाही. परीक्षा देणाऱ्यांत प्रोजेक्ट मॅनेजर बरेच असतात. स्वतःचं पद ज्यात नाही तो पर्याय ते मोठ्या निष्ठेने निवडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाच उमेदवार ऑफिसात जातो. रोजचा स्क्रम सुरू होतो. पंधरा मिनिटांची मर्यादा असलेली ही बैठक चाळीस मिनिटं चालते, कारण मॅनेजरसाहेब लॅपटॉप उघडून एकेकाला काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे विचारत हजेरी घेतात. हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत पुस्तिकेतून काढून टाकले आहेत. उमेदवाराने आदल्या रात्रीच ते वाचलेलं असतं. तो मुकाट्याने तिन्हींची उत्तरं देतो. मग कामाच्या अंदाजाचे स्टोरी पॉइंट देण्याचा कार्यक्रम होतो. तीन की पाच यावर टीमचं मत घेतलं जातं आणि शेवटी, गिऱ्हाइकाला तारीख दिलेली आहे तेव्हा तीनच धरा, असं ठरतं. स्टोरी पॉइंट हा शब्द पुस्तिकेत औषधालाही नाही, पण उमेदवार त्यावरही अवाक्षर काढत नाही. ८५ टक्क्यांच्या परीक्षेत तपासला जातो तो हाच गुण. रात्री एक उत्तर बरोबर आणि सकाळी त्याच्या उलटं उत्तर बरोबर, आणि दोन्ही एकाच डोक्यात एकमेकांना धक्का न लावता नांदली पाहिजेत. दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे ठेवण्याची ही क्षमता पूर्वी अनुभवाने वीस वर्षांत यायची. आता ती दोन दिवसांच्या क्लासात येते.

यावर कोणी म्हणेल, दोष ऑफिसांचा आहे, परीक्षेला का झोडपता? प्रश्न रास्त आहे. पण प्रमाणपत्र मागतं कोण? तेच ऑफिस. शुल्काचं बिल लावा, परत मिळेल, असं सांगणारंही तेच. टीमला खरोखर स्वतःचं काम स्वतः ठरवू द्यायचं असतं, तर तारीख देण्याआधी टीमला विचारणं पुरेसं होतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पण परदेशी गिऱ्हाइकाला जो प्रस्ताव जातो त्यात आमच्याकडे इतकी प्रमाणित माणसं आहेत असा रकाना भरावा लागतो, आणि ‘आम्ही टीमला विचारतो’ हे वाक्य कोणत्याच रकान्यात बसत नाही. शिवाय करार ठरलेल्या रकमेचा, ठरलेल्या तारखेचा आणि ठरलेल्या कामाचा असतो. तिन्ही खुंट्या पक्क्या ठोकल्यावर चपळाई दाखवायला उरते ती फक्त शनिवार-रविवारची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डॉक्टर, वैमानिक, सनदी लेखापाल हेसुद्धा परीक्षा देऊनच होतात ना? होतात. पण वैमानिकाला विमान उडवून दाखवावं लागतं आणि सनदी लेखापालाला आर्टिकलशिप करावी लागते. इथे, नव्या संस्थेत तर, घरबसल्या एक तास पुरतो. परीक्षेमुळे निदान सर्वांची भाषा एक होते, हे मात्र मान्य करायला हवं. नवीन आलेल्या मुलीला बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची यादी हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणं ही काही छोटी सोय नाही, आणि एचआरलाही हजार अर्जांतून पन्नास काढायला कसली तरी चाळणी लागतेच. तेवढं श्रेय द्यावं. पण परिभाषा शिकायला ती चौदा पानं पुरत होती.

खुद्द जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांनाही अजाईलचा हा बाजार पचलेला नाही. त्यांच्यापैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये अजाईल मेल्याचं जाहीर केलं आणि रॉन जेफ्रीज यांनी २०१८ मध्ये डेव्हलपरांना ते सोडून देण्याचा सल्ला दिला. बाजाराने दोघांचंही आदराने ऐकलं आणि पुढच्या बॅचची नोंदणी चालू ठेवली. पुस्तिका नोव्हेंबर २०२० पासून बदललेली नाही. तरी जुन्या संस्थेचं प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी शिळं होतं आणि शंभर डॉलर व शिक्षणाचे वीस गुण मोजले की पुन्हा ताजं होतं. जो मजकूर बदललाच नाही तो विसरण्याचीही मुदत ठरवून देणं, याला व्यवस्थापन म्हणतात.

तेव्हा परीक्षा बंद करा असं इथे कोणीही म्हणत नाही. उलट ती पुरी करावी. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराचे दोन रकाने असावेत, ‘पुस्तिकेप्रमाणे’ आणि ‘ऑफिसप्रमाणे’. उमेदवाराने दोन्ही बिनचूक भरावेत, आणि दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर गुण कापावेत, कारण असा माणूस टीमसाठी धोकादायक असतो. तो उद्या रोजच्या स्क्रममध्ये मॅनेजरला बाहेर बसायला सांगेल. दर प्रश्नाला ४५ ऐवजी ९० सेकंद द्यावेत. शुल्क अर्थातच दुप्पट, आणि त्याचं बिल लावता येईल.