‘पीएचपी मेलं’ म्हणणाऱ्या साहेबांस

सन्माननीय फुल-स्टॅक डेव्हलपर साहेब,



यंदाची १९ फेब्रुवारी तुमच्या कृपेने संस्मरणीय ठरली. शिवनेरीच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा नव्हती, मासवडीचा रस्सा चुलीवर उकळत होता आणि आमच्या पर्यटन केंद्राची वेबसाइट उघडली की पांढरंफटक पान दिसत होतं. २०१८ साली सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, त्या भरवशावर आम्ही खोल्या बांधल्या. शिवजयंतीला त्या रिकाम्या ठेवण्याचा मान मात्र तुमचा.

जुनी साइट पीएचपीची होती. किती खोल्या शिल्लक आहेत, ताटाचा दर काय, हे सर्व्हरवरच जुळवून ती तयार पान गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवायची. दिसायला ओबडधोबड, पण उघडायची. तुम्ही ती पाहिलीत, नाक मुरडलंत आणि म्हणालात, “पीएचपी मेलं, काका.” रास्मुस लेरडॉर्फने १९९५ साली जगापुढे ठेवलेल्या या मयताची आठवी आवृत्ती २०२० साली निघाली. मराठी विकिपीडियासकट सगळा विकिपीडिया त्याच्यावर चालतो, वर्डप्रेसही चालतं. तेराव्याला एवढी गर्दी मी तरी पाहिलेली नाही.

मग तुम्ही नोड आणलंत, त्यावर रिअ‍ॅक्ट चढवलंत. आता गिऱ्हाइकाच्या मोबाइलने आधी जावास्क्रिप्टचं गाठोडं उतरवून घ्यायचं, ते चालवायचं, मग सर्व्हरला खोल्या विचारायच्या, आणि त्यानंतर पान दिसणार. पुण्यात तुमच्या फायबरवर हे पापणी लवायच्या आत होतं. माळशेजच्या अलीकडे, मढजवळ, नेटवर्कची एक दांडी असते. तिथे गिऱ्हाईक पांढरं पान पाहतं आणि शेजारच्या हॉटेलात शिरतं. खोडदच्या ३० दुर्बिणी दूरच्या आकाशगंगांचे क्षीण रेडिओ संदेश टिपतात, पण ओझरच्या भक्ताचं बुकिंग आमच्यापर्यंत पोहोचत नाही! पान सर्व्हरवरच बनवून पाठवायची सोय याही तंत्रात आहे म्हणे. ती तुम्ही वापरली नाहीत.

हे मला अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने सांगितलं. (कॉलेज २००९ चं, नोडही २००९ चं. कॉलेज अजून जागेवर आहे.) हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या तर नोड उत्तम, हे तिलाही मान्य. आमच्या खोल्या सहा आहेत, साहेब. नवंच हवं होतं तर पायथनमधलं जँगो होतं. कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते जन्मलं, म्हणून मजकूर बदलायची खिडकी त्यात आयती मिळते. आज मला ताटाचा दर दहा रुपयांनी वाढवायचा तरी तुम्हाला फोन करावा लागतो.

जुन्या नोंदी हलवताना ‘नारायणगाव’ची नऊ प्रश्नचिन्हं झाली, ते सोडून देतो.

सोडवत नाही ते हे, की तुम्ही निघून गेलात. पीएचपी दुरुस्त करणारा पोरगा नारायणगावात, मंचरला, आळेफाट्याला कुठेही सापडतो आणि स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवर ते चालतं. तुमचं काम उघडून पाहणाऱ्या प्रत्येकाने हात वर केले. नाणेघाटातला नागनिका राणीचा लेख दोन हजार वर्षांनी अभ्यासक वाचतात. तुम्ही दिवाळीत लिहिलेला कोड शिवजयंतीला कुणाला वाचता येईना. अरे, वर्षाचे चार दिवस आमची कमाई असते! त्या दिवसांत ताटं पडून राहिली, वाढपी बायकांना मी रिकाम्या हाताने घरी कसं पाठवायचं? तुझ्या त्या स्टॅकमधून त्यांची मजुरी निघते का?

भाची म्हणाली, “मामा, त्याच्यावर कशाला चिडता? हिंजवडीतल्या मुलाखतीत पीएचपीचं नाव काढलं की समोरचा घड्याळ बघतो.” तेव्हा उलगडलं. आमची साइट तुझ्या बायोडेटातली एक ओळ होती. तूही आमच्याच भागातला, आंबेगावचा. घरच्यांनी कांदा विकून फी भरली असणार, आणि तिकडे दर वर्षी नवं काही शिकला नाहीस तर तुला बेंचवर बसवणार. जाहिरातीत जे मागतात तेच तू शिकणार, यात तुझा काय दोष? पण बाबा, सरावाला तुला आमचाच हंगाम सापडला?

असो. डोमेन तुमच्या नावावर आहे, होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडे आहे आणि तुमचा फोन लागत नाही. डोमेन आमच्या नावावर करा, पासवर्ड पाठवा. भाची मेच्या सुट्टीत साइट पुन्हा पीएचपीत बांधणार आहे.