दसऱ्यापुरती पळालेली गाडी

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवर पहिलंच वाक्य असं टाकलं, की मी विरघळलो. "आठ वर्षांत फक्त ७,३०० किलोमीटर. दसऱ्याला हार घालायचा, रंकाळ्याला एक फेरी मारायची, की परत कव्हर." वर्षाला एक दसरा धरला तर ही फेरी नऊशे किलोमीटरची होते, हा हिशेब मला गाडी घेतल्यानंतर सुचला.

गाडी फियाटची, अबार्थ पुंटो. लांबून चारचौघींसारखी हॅचबॅक. पण १.४ लिटरच्या इंजिनाला टर्बो जोडून १४५ अश्वशक्ती काढलेली, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि नाकावर विंचू. घराण्याचे मूळपुरुष कार्लो अबार्थ पाश्चात्त्य हिशेबाने वृश्चिक राशीचे, म्हणून विंचू. २०१५ साली ही आपल्याकडे आली तेव्हा मी फक्त तिचा फोटो भिंतीला लावू शकलो होतो. ती तयार व्हायची पुण्याजवळच्या रांजणगावात, म्हणजे महागणपतीच्या गावची पोर. "लेकीला माहेरी आणायला निघालोय," असं मेव्हण्याने स्वारगेटच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांना सांगितलं. आजोबांनी साताऱ्यापर्यंत सासरच्यांना शिव्या दिल्या.

डॉक्टरांनी कव्हर काढलं आणि रंग असा चमकला, की मी खिशातलं चेकबुक चाचपलं. मेव्हणा मात्र म्हणाला, आधी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना दाखवू. मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसून टायरवर नख रोवलं, आणि कडेला लंबगोलात कोरलेले चार आकडे वाचले: ४२१५. २०१५ सालचा बेचाळिसावा आठवडा. "नक्षी नवी हाय, पण रबराचं लाकूड झालंय. ह्ये टायर न्हाईत, पाट हाईत."

मग एअर फिल्टर उघडला. आत उंदराचं नीटनेटकं घरटं, डॉक्टरांच्याच चिठ्ठ्यांचं. चिठ्ठ्या त्यांच्याच, कारण अक्षर कुणालाच लागलं नाही.

"डॉक्टर," मिस्त्री म्हणाले, "ह्यो पैलवान तालमीतच गेला न्हाई. नुसता दूध-बदाम खाऊन बसलाय."

"म्हणून तर किंमत जास्त," डॉक्टर म्हणाले. "पळालीच नाही!"

चार टायर, बॅटरी, ऑइल, कुरतडलेल्या वायरी. गाडी न पळाल्याचे पैसे मी डॉक्टरांना दिले, आणि न पळाल्यामुळे जे बिघडलं त्याचे मिस्त्रींना. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. निघताना मिस्त्रींनी बजावलं, "रेटून चालवल्यावर लगीच चावी फिरवायची न्हाई. टर्बोचं चाक मिंटाला लाखाच्या वर फिरतंय, जाळ झालेलं असतंय. इंजिन बंद केलं की त्याचं तेल थांबतं, आन् हाय तिथंच जळतं. मिनिटभर नुसती चालू ठेवायची."

आता टर्बोचं चालणं कसं, तर सरकारी निधीसारखं. पाय दाबला की आधी काहीच होत नाही, फाइल फिरत असावी. इंजिनाचा धूर टर्बोचं चाक फिरवणार, ते चाक हवा कोंबणार, तेवढा दम धरायचा. मग काटा दोन हजारांवर गेला की एकतीस मार्च! सगळं एकदम. किणी टोलनाक्यानंतर हा एकतीस मार्च मी एकदाच साजरा केला. मेव्हण्याच्या हातातला वडा मागच्या सीटवर गेला.

पुढच्याच वळणावर रस्त्याचं काम आणि समोर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. त्यावर मोठ्याने गाणी. पेठ नाक्यापासून कासेगावापर्यंत १४५ घोडे त्या उसामागून वरातीतल्या घोड्यासारखे चालले. ट्रॅक्टरवाल्याने एकदा मागे वळून गाडीकडे पाहिलं, हात उंचावला आणि मान डोलावली. एवढी दाद मला पुण्यात कुणी दिलेली नाही.

चहाला थांबलो तेव्हा मिस्त्रींची आज्ञा आठवली. काचा वर, इंजिन चालू, मेव्हणा मोठ्याने साठ आकडे मोजतोय. हॉटेलातला पोरगा दोनदा येऊन, "आत येताय का जाताय?" विचारून गेला. "उसामागून आलेल्या टर्बोला थंड काय करायचंय?" हे मेव्हण्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण मी चाळीसला थांबू दिलं नाही.

डॉक्टरांचा फास्टॅग बंद पडलेला निघाला. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, सगळीकडे दुप्पट टोल.

घरी पोचलो आणि सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. ही मुळातच साध्या पुंटोपेक्षा बुटकी. त्या आवाजाला सगळ्या गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी म्हणतात, गतिरोधक सर्वानुमते मंजूर झालेला आहे, विंचवासाठी फोडता येणार नाही.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत गाडी २१२ किलोमीटर चालली आहे. कुणाला हवी असल्यास कळवावे. किलोमीटर अगदी कमी आहेत, म्हणून किंमत थोडी जास्त पडेल. डॉक्टरांचं कव्हर सोबत मिळेल.