आपली बाटली, त्यांची बोट

माणशी एक बाटली. वाइनची किंवा शॅम्पेनची, ७५० मिलीलीटरची, सील न तोडलेली. तीही प्रवासाच्या पहिल्याच दिवशी, हातातल्या बॅगेतून, आणि आणणाऱ्याला एकवीस वर्षं पूर्ण असतील तर. व्हिस्की, रम, वोडका, जिन यांनी धक्क्यावरूनच हात हलवावेत. मोठ्या अमेरिकन क्रूझ कंपन्यांचा साधारण कायदा हा असा. घराण्यांप्रमाणे पाठभेद आहेत. नॉर्वेजियनवाले म्हणतात, वाइन हवी तेवढी आणा, फक्त दर बाटलीमागे बूच काढण्याचे पैसे मोजा. डिस्नीच्या जहाजावर माणशी दोन बाटल्या वाइन किंवा सहा बिअर चालतात, आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक बंदरावर तेवढ्याच पुन्हा. मिकी माउसच्या घरात एवढी मोकळीक असेल असं वाटलं नव्हतं.

बूच काढण्याचे हे पैसे म्हणजे कॉर्केज. बाटली तुमची, विकत घेतली तुम्ही, वाहून आणली तुम्ही; पण जेवणाच्या टेबलावर तिचं बूच निघालं की साधारण पंधरा डॉलर त्यांचे. घरपट्टी, पाणीपट्टी भरणाऱ्या माणसाला ही बूचपट्टी समजायला जड जात नाही. पुण्यात ज्यानं मुलीचं लग्न केलंय त्याला तर नाहीच नाही. मंगल कार्यालयाचं भाडं सांगताना मॅनेजर किती गोड बोलतो! मग हळूहळू कळत जातं. केटरर आमचाच. डेकोरेटर आमचाच. बाहेरचा आणलात तर आमची रॉयल्टी वेगळी. जहाजाचंही तस्संच. तिकीट असं की घरी बसून राहणं महाग वाटावं. खोली, दिवसभर खाणं, संध्याकाळी नाचगाणी, सगळं त्यात आलं. मग वरकमाई कशावर? बारवर, कसिनोवर आणि बंदरावरच्या सहलींवर. म्हणून तुमच्या बॅगेतली व्हिस्की त्यांच्या लेखी दारू नसतेच. तो बाहेरचा केटरर असतो.

ही एवढी साधी गोष्ट आमच्या साडूभाऊंच्या गळी उतरेना. दोष त्यांचा नाही, नोकरीचा.

साडूभाऊ उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं गोव्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर गेली. मध्यरात्री बस थांबवायची, घोरणाऱ्या पर्यटकांना उठवायचं आणि गोवा बनावटीचा माल बाहेर काढायचा. काजूच्या पोत्यातून, माशांवरच्या बर्फाखालून, स्टेपनीतून, टेम्पोच्या चोरकप्प्यातून. "माणूस गप्प बसतो हो," ते सांगतात, "पण खड्ड्यात चाक गेलं की बाटली बोलते." मुंबई-गोवा रस्त्यानं खात्याला केलेल्या या मदतीची नोंद कुठल्याच अहवालात नाही, याची त्यांना खंत आहे.

त्यात आपला दारूबंदीचा कायदा १९४९चा, आणि तो अजून जिवंत आहे. कागदोपत्री महाराष्ट्रात परवान्याशिवाय घोटसुद्धा घेता येत नाही. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' उगाच लिहिलेलं नसतं. वडलांच्या पिढीला डॉक्टरचा दाखला जोडून प्रकृतीच्या कारणासाठी परवाना काढावा लागे, त्यामुळे गावातली सगळ्यात धट्टीकट्टी माणसं सरकारदरबारी आजारी असत. पुढे एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना आणि देशीचा दोन रुपयांना मिळू लागला. या कायद्याखाली वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: सरकार बंदी घालतं ते आपण बिघडू नये म्हणून. जहाजाच्या नियमात साडूभाऊ तीच काळजी शोधत होते. आम्ही क्रूझला निघायच्या आधी, त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, ह्यूस्टनमधल्या घरी, नाकावर चष्मा ओढून, त्यांनी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं.

"म्हणजे आपण पिऊ नये असं यांना वाटत नाही?"

"नाही."

"यांचीच प्यावी असं वाटतं?"

"हो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग चष्मा काढत म्हणाले, "मग हा नियम मोडायला हरकत नाही."

"बाबा!" भाची स्वयंपाकघरातून ओरडली.

वाइनला तेवढी सूट का, असं मेहुणीनं विचारलं. २०२२ साली आपल्या मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही यावर महाराष्ट्र पेटला होता. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय तसाच राहून गेला. क्रूझ कंपन्यांनी हा वाद तत्त्वज्ञानात न शिरता सोडवलाय, असं माझं मत. वाइनची बाटली दोघांत एका जेवणाला संपते, आणि दुसऱ्या दिवशी माणूस तहानलेला बारमध्ये येतो. व्हिस्कीची बाटली परतीच्या बंदरापर्यंत पुरते.

जावयानं यात इतिहासाची भर घातली. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा, १९२३ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की परदेशी जहाजांनीही अमेरिकेच्या हद्दीत दारू आणायची नाही. कुलपात ठेवली तरी नाही. पंचाईत अशी की काही युरोपीय देशांच्या कायद्यानं खलाशांना वाइनचा शिधा देणं बंधनकारक होतं. म्हणजे दिली तर एका देशाचा गुन्हा, नाही दिली तर दुसऱ्याचा. शेवटी पुढच्या वर्षी ब्रिटनशी करार झाला आणि सीलबंद साठा चालेल असं ठरलं. दारूबंदीच्याच काळात कुठेच न जाणाऱ्या सफरीही निघाल्या. बोट हद्दीबाहेर जायची, बार उघडायचा, लोक मनसोक्त प्यायचे आणि बोट होती तिथे परत. साडूभाऊंनी हे फार आदरानं ऐकलं. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोज रम मिळायची आणि ती ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली, हे ऐकून तर ते हळहळले.

दुसरीकडे चोरून नेणाऱ्यांचा म्हणून एक अख्खा बाजार आहे. एक्स-रेत डोळ्यांत भरू नयेत अशा मऊ प्लास्टिकच्या पिशव्या. सनस्क्रीनच्या नळीसारख्या नळ्या. दुर्बिणीच्या आकाराची बाटली: एका डोळ्यात रम, दुसऱ्यात वोडका. हे सगळं राजरोस विकत मिळतं. गरीब लोक वोडकात खाण्याचा हिरवा-निळा रंग मिसळून ती माउथवॉशच्या बाटलीत भरतात. पाण्याच्या बाटलीत वोडका भरून झाकण पुन्हा सीलबंद करण्याची विद्या तर इतकी पसरली, की २०१५ साली कार्निव्हल या क्रूझ कंपनीनं पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्याच बंद केल्या. आता माणशी बारा, आणि तेही डबे नाहीतर कागदी खोकी. थोडक्यात, एकानं पाण्यातून दारू नेली म्हणून सगळ्यांचं पाणी गेलं.

साडूभाऊंनी या वस्तूंची चित्रं पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी दया उमटली ती मी विसरणार नाही. "शिकाऊ पोरं," ते म्हणाले. "लपवायची म्हणून बनवलेली वस्तू कधी वापरू नये. जी वस्तू उघडायचा कंटाळा येतो तीच वापरावी." आणि त्यांनी मेहुणीच्या बॅगेतून निळी खोबरेल तेलाची बाटली काढली. अमेरिकेला निघालेल्या मराठी बाईच्या सामानात ती असतेच. तेल एका वाडग्यात ओतलं, बाटली कोमट पाण्यानं विसळली, आणि ह्यूस्टनच्या दुकानातून आणलेली व्हिस्की त्यात भरली. दुकानाची पावती मात्र घडी घालून पाकिटात ठेवली. सवय.

बोट सुटणार होती त्या गॅल्व्हस्टन बंदराच्या धक्क्यावर हमालांनी बॅगा नेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या बॅगा केबिनच्या दारात आल्या, साडूभाऊंची नाही. मग चिठ्ठी आली की खाली या. खालच्या मजल्यावर अशा अडकलेल्या बॅगांची एक खोली असते. प्रवासी तिला 'नॉटी रूम' म्हणतात. तिथे रांगेत अपराधी चेहऱ्याचे सज्जन उभे होते, आणि उभं आयुष्य टेबलाच्या पलीकडे काढलेले साडूभाऊ आज अलीकडे. मी धीर द्यायला म्हणून गेलो होतो. खरं सांगायचं तर बघायला गेलो होतो.

तपासणीवाल्या मुलीनं चेन उघडली आणि काढली मेहुणीची चहाची किटली. तापणारी तार असलेल्या बहुतेक वस्तू जहाजावर चालत नाहीत. समुद्रात आगीसारखं दुसरं भय नाही. मग निघाली छोटी इस्त्री. तीही गेली. मग घरच्या चकल्यांचा डबा आला. घरचं खाणं चालत नाही, कंपनीचं बंद पाकीट असेल तर चालतं, चकल्या गेल्या. शेवटी हातात आली निळी बाटली. मुलीनं ती उचलली, लेबलावरचा नारळ पाहिला, हसली आणि परत आत ठेवली.

साडूभाऊ सुटले. पण जिना चढताना त्यांचा चेहरा उतरलेला. "उघडून बघितलीसुद्धा नाही," ते म्हणाले. "आमच्या नाक्यावर असा शिपाई एक दिवस टिकला नसता."

रात्री केबिनमध्ये मैफल जमली. ग्लासात व्हिस्की पडली आणि तिच्यावर तेलाचा तवंग आला. बाटली विसळून नारळ जात नाही, हे मेहुणीला आधीच माहीत होतं; तिला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या घोटाला मला न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. जावयानं चव घेतली, सासऱ्यांचा मान राखत म्हणाला, "बाबा, नारळाच्या स्वादाची रम इथे विकत मिळते. लोक आवडीनं घेतात." दुसरा ग्लास कुणी भरला नाही.

तेव्हा प्रश्न आला तो बोटीवरच्या पॅकेजचा. रोजचे ठरावीक पैसे भरा आणि हवं ते प्या. 'हवं ते'लाही कंपनीगणिक कलमं असतात. दिवसाला दारूची पंधरा पेये, असा कार्निव्हलचा आकडा आहे. "पंधरा? रोज? आणि जेवायचं कधी?" मेहुणीनं विचारलं. दुसरं कलम त्याहून अवघड: केबिनमधल्या एका मोठ्या माणसानं घेतलं तर दुसऱ्यानंही घ्यायला हवं. म्हणजे साडूभाऊंनी प्यायची तर आयुष्यात पन्हं आणि कोकम सरबतापलीकडे न गेलेल्या बाईचेही पैसे भरायचे. का, तर एकाच्या नावावर दोघांनी पिऊ नये म्हणून. साडूभाऊंना हा संशय फार आवडला. जहाजावर कुणीतरी विचार करणारं आहे असं त्यांना प्रथमच वाटलं. पॅकेज त्यांनी घेतलं नाही. एकेक ग्लास मागवत राहिले आणि प्रत्येक बिलावर आपोआप चढणारं सेवाशुल्क कॅल्क्युलेटरवर पडताळत राहिले. मेहुणी म्हणाली की यांना चढते ती बिलं बघून.

वाटेत मेक्सिकोतल्या कोझुमेल बंदराला त्यांनी टकीलाची एक देखणी बाटली घेतली. बोटीवर चढतानाच टेबल मांडलेलं होतं. बाटली ताब्यात घेतली गेली, चिठ्ठी बांधली गेली, पावती मिळाली. शेवटच्या संध्याकाळी ती जशीच्या तशी परत. साडूभाऊ थक्क. "मुद्देमाल जप्त, पावती, आणि मालकाला परत!" त्यांच्या कारकिर्दीत जप्त बाटल्यांवरून शेवटी रोडरोलर फिरायचा. आपल्यासमोर कितीतरी स्कॉच डांबरी रस्त्यात जिरली, हे सांगताना त्यांचा आवाज अजून घोगरा होतो.

परत गॅल्व्हस्टनला उतरलो. कस्टम्समधून माणशी एक लीटर सुटते म्हणून जावई निर्धास्त होता. पण टेक्सासची गोष्ट निराळी. 'टेक्सास अल्कोहोलिक बेव्हरेज कमिशन'ची माणसं बंदरावर बसतात आणि बाहेरून आणलेल्या बाटलीवर राज्याचा कर घेतात. लोक कुरकुरत पैसे भरत होते. साडूभाऊ पाटी वाचून थबकले आणि जावयाचा दंड धरून म्हणाले, "अहो, हे तर आपलं खातं!"

त्यांनी टकीला पुढे केली. कर भरला. पावती मागितली, वाचली. दर कोण ठरवतं, बिअरला निराळा का, दिवसाला किती बाटल्या होतात, अशी विचारपूस सुरू झाली. मागे रांग वाढत होती. भाची आपण यांच्या कुणी नाही अशी उभी होती. अधिकारी बापडा सभ्य होता. यांनी आपली जुनी नोकरी सांगितल्यावर उठून हात मिळवला. त्या हस्तांदोलनानं साडूभाऊंचं इमान इतकं उफाळून आलं की त्यांनी बॅगेतून निळी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि शेजारी ह्यूस्टनच्या दुकानाची पावती उलगडली. "व्हिस्की. टेक्सासातच घेतली. कर आधीच भरलाय. तरी नोंद असावी."

अधिकाऱ्यानं पावती पाहिली, मग नारळ पाहिला. झाकण उघडून वास घेतला, पुन्हा घेतला. मग झाकण घट्ट लावून बाटली अदबीनं मेहुणीच्या हातात दिली. केसांसाठी चांगलं असतं असं ऐकलंय, म्हणाला. साडूभाऊ त्याला समजावत राहिले, पण ती दारू आहे हे त्याला काही केल्या पटेना.