आठ किलोमीटरच्या आतली मेंढरं

हे मार्गदर्शन अंबरनाथ पूर्वेत भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी साडेदहाला उपासना घेणाऱ्या पाळकसाहेबांसाठी आहे. हजेरी पंचवीस-तीस, त्यातली निम्मी शब्बाथशाळेतली पोरं, आणि दानाच्या थैलीत हॉलचं भाडंही निघत नाही, अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांनीच पुढे वाचावं. जुन्या मोठ्या चर्चना याची गरज नाही. त्यांच्याकडे आवार असतं, घंटा असते आणि आवाराच्या मालकीवरून कोर्टात दावाही असतो.

सुरुवात फेसबुकच्या पेजपासून करावी. नाव इंग्रजीत आणि भारदस्त घ्यावं. 'इंटरनॅशनल' हा शब्द लावायला परदेशात शाखा असावीच लागते, असा कायदा अजून झालेला नाही. फोटोत पाळकसाहेब सुटात, एका हातात माइक, दुसरा हात आभाळाकडे, शेजारी सौभाग्यवती. नमुना हवा असेल तर स्टेशनबाहेरचे वाढदिवसाचे फ्लेक्स पाहावेत. मांडणी तीच ठेवायची, फक्त खाली 'शुभेच्छुक' म्हणून सतरा चेहरे टाकायचे नाहीत. मंडळीत तेवढे कर्ते पुरुष नाहीत.

पोस्टरवर 'चमत्कार' आणि 'चंगाई' हे शब्द ठळक टाकायचा मोह होईल, तो आवरावा. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे. शिवाय आपला हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट गणपतीपासून बंद. गुडघेदुखी बरी करून घ्यायला येणाऱ्याला आधी जिन्याने वर आणायचं, तर चमत्कार खालच्या पायरीवरच करावा लागेल.

आता पैसे भरून जाहिरात. नकाशावर अंबरनाथ पूर्वेत पिन टोचायची आणि भोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. या वर्तुळात वालधुनीकाठचं शिलाहारांचं शिवमंदिर येतं, आनंदनगरची एमआयडीसी येते, पश्चिमेची ऑर्डनन्स फॅक्टरी येते, उल्हासनगरचे पाचही कॅम्प येतात आणि बदलापूरचे नवे टॉवर येतात. (शिवमंदिर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चं. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि त्यासाठी कोणी फेसबुकला छदाम दिलेला नाही. पण आपल्याला तेवढी सवड नाही. हॉलचा करार अकरा महिन्यांचा आहे.)

वर्तुळातले फक्त ख्रिस्ती लोक निवडता येतील का, हा प्रश्न प्रत्येक पाळकसाहेब विचारतात. नाही. धर्माशी संबंधित आवडी पाहून माणसं निवडण्याची सोय मेटाने जानेवारी 2022 मध्ये काढून टाकली. तेव्हा तुमची जाहिरात मित्रमंडळाच्या अध्यक्षांनाही दिसेल आणि उल्हासनगरातल्या पापडवाल्यालाही. वर्तुळात नुकत्याच येऊन गेलेल्या माणसांनाही दाखवायची सोय असल्यामुळे डेक्कन क्वीनमध्ये कटलेट खात अंबरनाथवरून सुसाट गेलेला पुणेकरही हिशेबात येऊ शकतो. त्याचंही तारण व्हावंच, पण तो पुढच्या रविवारी येईल अशी आशा धरू नये.

प्रतिसाद पहिल्याच रात्री सुरू होतात. 'हॉलचं भाडं किती?', 'हळदीला मिळेल का?', 'एसी आहे का?', 'जवळपास वन बीएचके असेल तर कळवा'. शंभर अंगठे येतील, त्यातले कित्येक दुसऱ्या पाळकांचे, तुमचं काय चाललंय ते बघायला आलेले. खचू नये. मंडळीच्या वडीलजनांच्या सभेत 'पोहोच' एवढाच आकडा सांगावा. तो नेहमी हजारांत असतो आणि त्याचा अर्थ विचारायचं धाडस कोणी करत नाही.

पाठपुराव्याचं शास्त्र मात्र खोल आहे. जाणकार सांगतात, चोवीस तासांत फोन झालाच पाहिजे. इथे इतिहास आडवा येतो. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला. त्या गृहस्थाने नंबर घेतला नाही, फॉर्म भरून घेतला नाही. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. आपल्या एक्सेलमध्ये अशा माणसापुढे पहिल्याच आठवड्यात 'थंड' असा शेरा पडला असता. अर्थात ती पद्धत आज चालणार नाही. सकाळच्या अंबरनाथ लोकलमध्ये पुस्तक द्यायला हात खिशापर्यंत न्यावा लागतो, आणि तेवढी जागा कल्याणनंतर उरत नाही.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप. ब्रॉडकास्ट यादीत 256 नावं बसतात आणि ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणजे ज्यांना आपण आधीपासून माहीत आहोत त्यांनाच आपण रोज पहाटे साडेपाचला गुलाब, सूर्योदय आणि वचन पाठवतो. त्यांच्या सहनशीलतेवरच मंडळी उभी आहे.

एवढं करून चारदोन पत्ते हाती लागतात. मग घरभेट. ही संध्याकाळी आठच्या आत करू नये, घरधनी अजून डोंबिवलीला लटकत असतो. पाणी यायच्या वेळी तर मुळीच करू नये. बादल्यांच्या आवाजात योहानाचं शुभवर्तमान ऐकू येत नाही. गेल्यावर लगेच बायबल उघडू नये. आधी विचारावं, 'मूळचे कुठले?' नगर म्हणाले तर 'राहुरी की श्रीरामपूर?' असं पुढे जावं. जालना म्हणाले तर आजोबांच्या मिशनशाळेची चौकशी करावी. पाचव्या मिनिटाला त्या घरची आजी आपल्या सौभाग्यवतींच्या मावसबहिणीची नणंद निघते. सहाव्या मिनिटाला चहा येतो, दहाव्याला शेंगदाण्याचा लाडू, आणि उठता उठता धाकट्या मुलीसाठी स्थळ बघायची जबाबदारी आपल्या गळ्यात पडलेली असते. हे कुटुंब रविवारी नक्की येतं. जाहिरात पाहिली होती का, असं त्यांना कृपा करून विचारू नये. त्यांनी ती हळदीच्या हॉलसाठीच पाहिलेली असते.

एक अडचण उरते. हे कुटुंब गेल्या रविवारपर्यंत दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळीत जात होतं. मिशनरींच्या काळी मिशनांनी कामाचे भाग आपसांत वाटून घेतले होते, अमेरिकन मराठी मिशनकडे नगर, स्कॉटिश मिशनकडे जालना. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आपण मात्र एका पिनकोडात पुन्हा फाळणी करतो आहोत, आणि पलीकडच्या पाळकसाहेबांचंही वर्तुळ आठ किलोमीटरचंच असतं. त्यांचा फोन आला तर 'प्रभूचंच काम आहे, साहेब' म्हणावं आणि पुढच्या महिन्यात त्यांनी आपलं एक कुटुंब नेलं की हेच वाक्य ऐकायची तयारी ठेवावी. वर्षाच्या शेवटी दोघांची हजेरी होती तेवढीच राहते. वाढलेली असते ती जाहिरातवाल्याची कमाई.

खरोखर नवीन माणूस हवा असेल तर मोबाइल खाली ठेवून बदलापूरच्या नव्या इमारतींच्या फाटकापाशी उभं राहावं. भायखळ्याचं, दादरचं भाडं परवडेना म्हणून इकडे आलेलं कुटुंब टेम्पोतून फ्रिज उतरवत असतं. एका कडेला हात लावावा. अशा वेळी माणूस कोणाचंही ऐकतो, आणि कपाटावर 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक दिसलं तर अर्धं काम झालंच.

राहता राहिला हिशेब. जाहिरातीचा खर्च वार्षिक सभेत 'टपाल, छपाई व किरकोळ' या सदरात दाखवावा आणि तो पंख्याच्या दुरुस्तीच्या लगेच खाली मांडावा. पंख्यावर खजिनदार आणि तरुण संघ यांच्यात पाऊण तास खडाजंगी होते, तोवर जेवणाची वेळ होते, आणि खालची ओळ एकमताने मंजूर होते.