अजिंक्यताऱ्यापर्यंतचा उजेड

मोत्या घरी आला आणि रात्री साडेनऊला त्याला फिरवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमची कॉलनी साताऱ्याच्या अगदी कडेला. रस्त्यावर खांब आहेत. दिवे असतीलच असं नाही. पावसाळ्यात गटाराच्या कडेनं घोणस दिसते. चार दिवस मोबाईलच्या उजेडावर काढले. एका हातात पट्टा, दुसऱ्यात मोबाईल, आणि मोत्याचं उरकलं की ते उचलायला तिसरा हात कुठून आणायचा? पाचव्या दिवशी मोबाईल डबक्यात गेला.

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात; विजेरी फक्त शाळेच्या पुस्तकात. वडिलांची तीन सेलची होती. उजेड पिवळा पडला की सेल उन्हात तापत ठेवायचे, आणखी दोन रात्री निघायच्या. पुढे पोटातून दोन पिना काढून सॉकेटला खोचायच्या चार्जिंगच्या आल्या. त्यातली एक माळ्यावर सापडली, पण आतली शिशाची बॅटरी महिनोन् महिने चार्जिंगविना पडली की कायमची मान टाकते. तिनं टाकली होती.

मग दुकान गाठलं. पाचशेच्या आत हवी, म्हटलं. दुकानदारानं काळी, झूमवाली पुढे केली. “काका, हीच घ्या. इथून मारा, अजिंक्यताऱ्यावर उजेड पडेल.” मोत्याला किल्ल्यावर काही काम नव्हतं. तरी घेतली. आतल्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं. सेल १८६५० जातीचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, माप नावातच. भाचा म्हणाला, “मामा, एवढ्याशा सेलात साडेतीन हजाराच्या वर फारसं मावत नाही.” बोटाएवढ्या वस्तूवर एवढी मोठी थाप मी तरी पहिल्यांदाच वाचली.

काच पुढे ओढली की उजेडाचा चक्क चौकोन व्हायचा. तो समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर छान पडे. माझ्या चपलेपाशी काळोख. त्या झगझगाटानं डोळे असे दिपत, की चौकोनाबाहेरचं काही दिसेना. मोत्या मात्र नाकानं निवांत चालला होता. मागे वळून पाहिलं की त्याचे डोळे हिरवे चमकायचे. कुत्र्याच्या डोळ्यात आत आरसाच असतो म्हणा ना, मंद उजेडही त्याला दोनदा वापरता येतो. अंधारात चाचपडणारा प्राणी पट्ट्याच्या माझ्याकडच्या टोकाला होता.

बटण एकच, कामं पाच: प्रखर, मध्यम, मंद, लुकलुक आणि एसओएस. विझवायची तर या सगळ्या गल्ल्या फिरून यायचं. एका रात्री एसओएसवरच अडकली. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. मोत्या भुंकायला लागला. वरच्या गॅलरीतून हाक आली, “अहो, काय झालं? मदत हवी का?” ते तारखात्यातून निवृत्त झालेले. देशातली तार २०१३ साली बंद झाली. त्यानंतर त्यांना आलेला हा पहिलाच संदेश असावा. मी म्हटलं, “काही नाही, कुत्रा फिरवतोय.” ते जरा हिरमुसलेच.

आषाढात त्या सरकत्या नळीतून पाणी शिरलं आणि ती गेली. मग आठशेची घेतली. बुटकी, झूम नसलेली, पसरट उजेडाची. जास्तीत जास्त किती ल्युमेन ते खोक्यावर लिहिलंय. मी शंभराच्या पायरीवर वापरतो आणि त्यात दहा पावलांपर्यंतचा रस्ता, डबकं, घोणस आणि मोत्याचं उरकलेलं सगळं नीट दिसतं. ही बातमी हिला दिली तर म्हणाली, “अहो, तीनशे जास्त टाकून कमी उजेडाची आणलीत?” हिशेब अगदी बरोबर आहे.

तुम्हीही घ्यायला निघाला असाल तर किल्ल्याकडे मारून बघू नका. दुकानातच पायाशी मारा, बटण एका अंगठ्यानं विझतं का पाहा, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतंय ना, तेवढं नखानं तपासा.